दीड टर्बो

टर्बो एक असावा की दोन, या प्रश्नावर माझं स्वतःचं असं काहीही मत नव्हतं. ते तसंच राहिलं असतं तर आमच्या गाडीच्या इंजिनाला गुलाबी डाग पडले नसते, दातांचे डॉक्टर आणि मी जिन्यात एकमेकांशी नीट बोललो असतो, आणि सरकारी कागदावर माझ्या नावापुढे अपूर्णांक आला नसता. पण माणसाने एकदा जेवणाच्या टेबलावर, बायको आणि सासरे या दोघांच्या देखत, "ते माझ्यावर सोडा" असं म्हटलं की त्याला मत बाळगावंच लागतं.

त्या दुपारी सासरे डोळ्यांच्या दवाखान्यातून आले, जेवायला बसले आणि दुसऱ्या घासाला म्हणाले, "अकरा आठवड्यांनी माझं लायसन्स संपतंय. मी नूतनीकरणाला जाणार नाही."

सासऱ्यांनी चाळीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं होतं. निम्म्या शहराला क्लच कसा सोडायचा ते त्यांनी शिकवलं. असा माणूस लायसन्स सोडतो म्हणतो, तेव्हा वाढायचा चमचा हवेतच थांबतो. तो बायकोचा होता.

"डॉक्टर नको म्हणाले का, बाबा?"

"डॉक्टर म्हणाले, चांगल्या उजेडात, मुदत संपेपर्यंत चालेल. नंतरच्या चाचणीत खालच्या दोन ओळी मला पाठ करून म्हणाव्या लागतील. चाळीस वर्षं लोकांना नापास केलं आणि आता मीच कॉपी करून पास होऊ?" त्यांनी आणखी एक घास घेतला आणि सावकाश संपवला. "टाकीचा चढ एकदा तिसऱ्यात चढायचा होता, तेवढं राहिलं."

हे जरा सांगायला हवं. सासऱ्यांकडे एक जुनी, दोन दारांची, जमिनीलगत बसलेली स्पोर्ट्स कार आहे. स्कूलमध्ये नापास झालेल्या एका श्रीमंत विद्यार्थ्याने ती रागाच्या भरात त्यांनाच विकून टाकली होती. सहा सिलिंडरचं लांबलचक इंजिन, पण छातीत दम नाही. याच इंजिनाला टर्बो लावून कारखान्याने एक तेज मॉडेलही काढलं होतं. आमचं मात्र साधं. गावाबाहेर पाण्याच्या टाकीकडे जाणारा जो चढ आहे, त्याच्या मधोमध एक कोपरासारखं वळण आहे. त्या वळणावर ही गाडी धापा टाकते आणि तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर यावंच लागतं. वर्षानुवर्षं दर रविवारी सकाळी सासरे तो चढ चढले आणि दर रविवारी त्या वळणावर त्यांनी हात गिअरकडे नेला. या गोष्टीबद्दल ते कधी बोलत नसत. त्या दिवशी पहिल्यांदा बोलले.

आता माझी बाजू. मी त्यांच्या स्कूलचा विद्यार्थी. सरकारी परीक्षेला पाठवण्याआधी सासरे स्वतःची एक परीक्षा घेत. ती त्याच चढावर होई. गाडी चढावर थांबवायची, हँडब्रेक ओढायचा आणि मागे न येऊ देता पुन्हा निघायचं. मी तीन वेळा नापास झालो. तिसऱ्या वेळी गाडी जेमतेम वीतभर मागे आली होती आणि मी तसं नम्रपणे निदर्शनाला आणलं. तेव्हा ते म्हणाले होते, "अरे, वीतभर म्हणजे मागेच. मागे म्हणजे नापास." शेवटी लायसन्स मी दुसऱ्या स्कूलमधून काढलं. बायको मात्र याच स्कूलमधली. तिथलं हजेरीपुस्तक ती सांभाळायची. लग्नानंतर सासऱ्यांनी मला 'अरे' म्हणणं बंद केलं आणि 'अहो' म्हणायला लागले. ही बढती आहे असं मी कित्येक वर्षं समजत होतो. बावीस वर्षांत त्यांनी त्या गाडीचं स्टिअरिंग मला एकदाही धरू दिलेलं नाही.

तेव्हा "ते माझ्यावर सोडा" हे वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं असेल, हे लक्षात येईल.

"तुमच्यावर?" सासरे अदबीने म्हणाले.

"टर्बो बसवून घेऊ. लायसन्स संपायच्या आत तुम्ही टाकीचा चढ तिसऱ्यात चढाल."

बायकोने स्वयंपाकघराचा ओटा बदलायचा बेत एका नजरेत पुढे ढकलला. सासरे एवढंच म्हणाले, "मला तिसरा गिअर हवा. खाली किती पंखे फिरतात ते तुम्ही बघा."

मिस्त्रींचं गॅरेज आमच्या मागच्या गल्लीत, बाल्कनीच्या बरोबर खाली आहे. गाडी मी दुसऱ्याच दिवशी तिथे नेऊन ठेवायला लावली. मिस्त्री हा बोलण्याची घाई नसलेला माणूस. प्रश्न विचारला की आधी हात पुसतात, मग फडकं झटकतात, मग उत्तर. त्यांनी मला टर्बो म्हणजे काय ते समजावलं. इंजिनातून जो धूर वाया जातो, त्याच्या जोरावर एक पंखा फिरवायचा. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. जास्त हवा, जास्त दम. हे मला लगेच कळलं, कारण मी पाणीपुरवठा खात्यात पंप खरेदीच्या टेबलावर आहे. पंप काय आणि टर्बो काय, दाबून कोंबणं तेच.

"आता एक मोठा बसवायचा की दोन लहान, ते ठरवावं लागेल," मिस्त्री म्हणाले. "मोठा एकच असला तर सुटसुटीत. पण तो उशिरा जागा होतो आणि जागा झाला की एकदम ढकलतो. दोन लहान असले तर तीन सिलिंडर एकाला, तीन दुसऱ्याला. ते पटकन जागे होतात. पण नळ्या दुप्पट, उष्णता दुप्पट, आणि जागा मुळात कमी. तसं बघितलं तर..."

"थांबा," मी म्हणालो. "मी तुलनात्मक तक्ता करतो."

मिस्त्रींनी तोंड उघडलं होतं, ते मिटलं आणि फडकं पुन्हा हातात घेतलं.

तुलनात्मक तक्ता हे माझं क्षेत्र आहे. खात्यात असा दरारा आहे की मी तक्ता केला की पुरवठादार स्वतःहून माघार घेतात. मी घरी येऊन मोठा कागद पसरला, मधोमध रेघ मारली, डावीकडे 'एक', उजवीकडे 'दोन' असं लिहिलं आणि सत्तावीस मुद्दे काढले. जागे होण्याचा वेळ, कमाल जोर, उष्णता, वजन, आवाज, दुरुस्तीची सोय, बॉनेट मिटण्याची शक्यता. प्रत्येक मुद्द्याला पाचपैकी गुण दिले. दहा दिवस रोज संध्याकाळी मिस्त्रींकडे जाऊन मी गुण पक्के करत होतो. बेरीज झाली तेव्हा डावीकडे एकसष्ट होते आणि उजवीकडेही एकसष्टच.

खात्यात अशा वेळी आम्ही जाणकारांची मतं मागवतो. इमारतीत जाणकारांना तोटा नव्हता.

पहिल्या आल्या शेजारच्या जुळ्यांच्या आई. "दोन?" त्या म्हणाल्या. "भावजी, दोनाच्या नादी लागू नका. लोकांना वाटतं, एकाचं करताना दुसऱ्याचं होऊनच जातं. एक झोपला की दुसरा उठतो. माझ्या मुलांनी दोन वर्षं मला सलग झोपू दिलं नाही." मी त्यांना म्हटलं की दोन्ही टर्बो एकदमच जागे होतात. त्यावर त्या म्हणाल्या, "मलाही डॉक्टरांनी असंच सांगितलं होतं." हा मुद्दा मी अठ्ठाविसावा म्हणून तक्त्यात घेतला, पण गुण किती द्यावेत ते सुचेना.

मग वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आले. हे गृहस्थ स्वभावाने चांगले आहेत. ते रविवारी सकाळी हातात दात बघायचा छोटा गोल आरसा आणि कपाळाला दिवा लावून खाली गॅरेजमध्ये आले, बॉनेट उघडायला सांगितलं आणि इंजिनाच्या कडेने आरसा फिरवत "हं, हं" असं म्हणू लागले. त्यांचं ते "हं" ऐकून माझीच दाढ ठणकायला लागली.

"प्रश्न एक की दोन हा नाहीच," ते म्हणाले. "प्रश्न पोकळी किती आहे हा आहे. तुम्ही माप घेतलंत?"

माप मी घेतलं होतं. म्हणजे स्वयंपाकघरातलं एक मोठं आणि दोन लहान पातेली नेऊन आळीपाळीने इंजिनाशेजारी ठेवून पाहिली होती. मोठं पातेलं स्टिअरिंगच्या दांड्याला अडत होतं. लहान दोन्ही बसत होती, पण एक काढताना खाली सरकलं आणि ते मिस्त्रींना गाडी उचलून काढावं लागलं. बायको त्या दिवशी ताटात दूध तापवत होती.

"पातेली?" डॉक्टर करुणेने हसले. "अहो, आम्ही तोंडातल्या पोकळीचा ठसा घेतो. हुबेहूब. तीन मिनिटांत घट्ट होतो, अलगद निघतो. मी दवाखान्यातून साहित्य आणतो."

आता मागे वळून पाहताना वाटतं की तिथे मी थांबायला हवं होतं. पण हुबेहूब हा शब्द मला आवडतो. डॉक्टरांनी बादलीभर गुलाबी लगदा कालवला आणि इंजिन आणि गाडीची भिंत यांच्यामधल्या पोकळीत भरला. आम्ही तिघे चौघे घड्याळ बघत उभे राहिलो. तीन मिनिटांत तो खरोखरच घट्ट झाला. डॉक्टरांनी दोन्ही हातांनी धरून तो अलगद ओढला. मग जोरात ओढला. मग मी डॉक्टरांना कमरेला धरून ओढलं.

"तोंड असतं तर पेशंटला 'आ' करायला सांगितलं असतं," ते घाम पुसत म्हणाले.

ऑइल मोजायची पट्टी, दोन वायरी आणि डॉक्टरांचा आरसा त्या गुलाबी गोळ्यात कायमचे अडकले. मिस्त्रींनी दोन दिवस छिन्नीने तो तुकड्यातुकड्यांनी काढला. आरसा फुटला. डॉक्टरांनी तो माझ्याकडे मागितला नाही, पण दरवेळी भेटले की "त्या आरशाचं ठीक आहे हो" असं म्हणू लागले, तेव्हापासून मी जिन्याऐवजी लिफ्ट वापरतो. सासरे बाल्कनीतून हे सगळं बघत होते.  संध्याकाळी ते भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर डोळे बारीक करून उभे राहिले आणि बोटाने आठवडे मोजले. सात उरले होते.

मी घाबरलो. निर्णय झाला नव्हता, पण परवानगीचा अर्ज तरी पुढे जाऊ दे, म्हणून वाहन खात्याचा फॉर्म भरायला बसलो. इंजिनात कुठलाही बदल करायचा तर आधी परवानगी लागते आणि काम झाल्यावर निरीक्षक येऊन वस्तू कागदाप्रमाणे आहे की नाही ते बघतो. फॉर्ममध्ये रकाना होता, 'बसवावयाच्या टर्बोचार्जरांची संख्या'. आमच्या खात्यात नग नक्की नसले की 'किमान' आणि 'कमाल' लिहायची पद्धत आहे. अत्यंत सोयीची पद्धत. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'किमान १, कमाल २'. खाली सही केली. आपण एक प्रश्न किती सफाईने सोडवला, याचं मला त्या रात्री फार समाधान वाटलं.

दोन आठवड्यांनी परवानगी आली. शिक्का होता, सही होती, गाडीचा नंबर बरोबर होता. आणि त्याखाली होतं, 'मंजूर टर्बोचार्जर संख्या : १.५ (अक्षरी दीड)'.

मी तो कागद बायकोला दाखवला. तिने तो दोनदा वाचला. मग तोंडावर पदर धरून आत गेली. आतून आवाज आला तो रडण्याचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी वाहन खात्यात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी कागद पाहिला.

"मग? मंजूर झालंय की, काका."

मी काका दिसतो की नाही हा वेगळा विषय आहे. मी म्हणालो, "बाई, दीड टर्बो कसा बसवणार?"

"ते तुम्ही बघायचं. आम्ही फक्त परवानगी देतो."

"पण दीड असा टर्बो नसतोच!"

"मग एक ते दोन असं का लिहिलंत? संगणक एकच आकडा घेतो. किमान आणि कमाल दिलं की सरासरी काढायची, असं परिपत्रक आहे."

 परिपत्रकाप्रमाणे वागलेल्या माणसाशी मी आयुष्यात कधी वाद घातलेला नाही. मी हळूच विचारलं, "दुरुस्ती करायची असेल तर?"

"अर्ज करा. नव्वद दिवस."

"आणि तोपर्यंत एक बसवला तर?"

"कमी भरेल."

"दोन बसवले तर?"

"जास्त होतील. दोन्हीत निरीक्षक नापास करतील." त्यांनी कागद परत सरकवला. "पुढचे या."

त्या दिवशी मी घरी सरळ गेलो नाही. वाहन खात्याच्या बाहेर एक बाक आहे, त्यावर बसून राहिलो.  पाच आठवडे उरले होते. सहा आठवडे मी एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दोन लिहून बेरजा करत बसलो होतो, आणि तेवढ्या काळात एका म्हाताऱ्या माणसाचे सहा रविवार गेले होते. गाडी गॅरेजमध्ये, म्हणून त्यांचं दुसऱ्या गिअरमधलं फिरणंसुद्धा मी बंद पाडलं होतं. या माणसाने मला तीन वेळा नापास केलं, ते बहुधा बरोबरच केलं होतं असं त्या बाकावर मला पहिल्यांदा वाटलं.

मिस्त्रींना निदान सांगून यावं म्हणून मी गॅरेजकडे वळलो. ते गाडीखाली होते. मी त्यांच्या बुटांना सगळी हकिकत सांगितली.

"दीड?" बूट म्हणाले. "मिळतो की."

"मिस्त्री, चेष्टा नको."

ते बाहेर आले, हात पुसले, फडकं झटकलं आणि फळीवरून एक जुना, उघडलेला टर्बो काढून माझ्या हातात दिला. "हे बघा. पंखा एकच. पण धूर आत यायला तोंडं दोन, मधे भिंत. तीन सिलिंडर या वाटेने, तीन त्या वाटेने. दोन्ही येऊन पडतात त्याच पंख्यावर, पण एकमेकांच्या पायात पाय येत नाहीत. त्यामुळे दोघांसारखा लवकर जागा होतो आणि जागा एकाचीच घेतो. तुमच्या सासऱ्यांच्या वळणाला हाच चांगला."

मी त्या दोन तोंडांकडे बघत राहिलो. "हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"पहिल्याच दिवशी सांगत होतो. तुम्ही तक्ता काढलात." त्यांनी क्षणभर विचार केला. "नंतर तुम्ही रोज गुण विचारायला यायचात. पण तुमच्या कागदाला रकाने दोनच होते. मला वाटलं, तुमचं ते ठरलेलं असेल."

माझ्या तक्त्याबद्दल इतक्या सौम्य शब्दांत इतकं वाईट आजवर कोणी बोललेलं नाही. मी फक्त म्हणालो, "चार आठवड्यांत होईल?"

"बडबड नसली तर होईल."

मी चार आठवडे गॅरेजकडे फिरकलो नाही. हे माझं या कामातलं सर्वांत मोठं योगदान होतं, असं मिस्त्री नंतर बायकोला म्हणाले.

लायसन्स संपायच्या आदल्या दिवशी निरीक्षक आले. हातात कागद, नाकावर चष्मा. बॉनेट उघडलं. मिस्त्रींनी एवढ्या जागेत टर्बो असा नेमका बसवला होता की स्टिअरिंगच्या दांड्याला बोटभर मोकळीक होती. शेजारी एका कोपऱ्यात गुलाबी डाग मात्र होता.

"कागदावर दीड आहे," निरीक्षक म्हणाले. "हा एक दिसतोय."

 मिस्त्रींनी हात पुसले. "साहेब, अंग मोजू नका, तोंडं मोजा."

निरीक्षक वाकले. "तोंडं दोन आहेत."

"आणि अंग?"

"एक." ते बराच वेळ वाकूनच उभे होते. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं. असं समाधान मी फक्त हिशोब तपासनिसांच्या चेहऱ्यावर, तेही क्वचित, पाहिलेलं आहे. "अंग एक, तोंडं दोन. सरासरी दीड. बरोबर आहे." त्यांनी सही केली आणि पेन खिशाला लावताना म्हणाले, "इतक्या वर्षांच्या नोकरीत कागदाप्रमाणे तंतोतंत वस्तू आज पहिल्यांदा पाहिली."

शेवटच्या दिवशी सकाळी ऊन स्वच्छ होतं. सासऱ्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि लायसन्स खिशात ठेवलं. बायको म्हणाली, "दोघं जा. मी आले तर बाबा माझ्याशी बोलत बसतील." मी शेजारच्या सीटवर बसलो. बावीस वर्षं मी मागच्या चिमुकल्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून बसत आलोय, तेव्हा ही जागाही नवीच होती.

गावातून ते नेहमीप्रमाणे सावकाश गेले. चढ सुरू झाला. पहिला, दुसरा, तिसरा. मी रस्त्याकडे बघत नव्हतो, त्यांच्या डाव्या हाताकडे बघत होतो. वळण आलं. वेग पडला. हात सवयीने स्टिअरिंगवरून निघाला आणि गिअरच्या दांड्यावर येऊन थांबला. इंजिनातून एक बारीक शीळ ऐकू आली, वाढत गेली, आणि कोणीतरी पाठीला तळवा लावून उचलावं तशी गाडी वळणातून वर निघाली. झटका नाही, धाप नाही. तिसऱ्या गिअरमध्येच. त्यांचा हात दांड्यावर नुसताच ठेवलेला होता. मग त्यांनी तो उचलून परत स्टिअरिंगवर नेला.

मला ओरडावंसं वाटत होतं. मी दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून ठेवले.

वळणापुढे रस्ता सरळ पूर्वेकडे चढतो आणि सकाळचं ऊन समोरून डोळ्यांत येतं. तिथे त्यांनी वेग कमी केला. आणखी कमी केला. चढावरच, रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि इंजिन चालूच ठेवलं.

"काय झालं, बाबा?"

"कड दिसत नाही," ते म्हणाले. आवाजात काही नव्हतं. हवामान सांगावं तसं सांगितलं. मग दार उघडून उतरले, गाडीला हात लावत लावत पुढून फिरून माझ्या बाजूला आले. "सरक तिकडे. तू चालव."

बावीस वर्षांनी ते मला तू म्हणाले. मी सरकलो. स्टिअरिंग त्यांच्या हातांनी गरम होतं. पुढे चढ, मागे उतार, आणि ही तीच जागा होती. कारण परीक्षा घ्यायला ते गाडी नेमकी इथेच थांबवत. मी क्लच दाबला, पहिला गिअर टाकला.  त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांचा उजवा पाय पुढे ताणलेला, टाच उचललेली. शिकवण्याच्या गाडीत तिथे दुसरा ब्रेक असायचा. या गाडीत तिथे नुसती सतरंजी आहे.

"अरे, क्लच हळू," ते म्हणाले.

मी क्लच हळू सोडला, हँडब्रेक खाली केला, आणि गाडी मागे आली. मग शीळ वाजली, टर्बो जागा झाला आणि आम्ही निघालो. दुसरा. तिसरा. टाकीपर्यंत तिसऱ्यातच. टाकीजवळच्या मोकळ्या जागेत मी गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. खाली गाव दिसत होतं. म्हणजे मला दिसत होतं.

"मागे आली," सासरे समोर बघत म्हणाले.

"हो."

"किती?"

खोटं बोलणं शक्य नव्हतं. "वीतभर."

त्यांनी खिशातून लायसन्स काढलं, एकदा अंगठ्याने पुसलं आणि पुढच्या खणात ठेवून खण लावला.  तापलेलं इंजिन टिकटिक करत गार होत होतं.

"वीतभर चालतं," ते म्हणाले. "चल. उतारावर दुसऱ्यात घे."

मी गाडी वळवली आणि उताराला लागताना पुन्हा त्यांच्या पायांकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले होते.